लाल खुणा, निळ्या खुणा

आमच्या रायफलीवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत. लाल माझे, निळे भाचीचे. गालाखालची पट्टी किती वर, खांद्याला टेकणारी प्लेट किती मागं, डाव्या हाताचा अटकाव खालच्या पट्टीवर कुठं, सगळं दोन रंगांत. रविवारी पहाटे नागपूरच्या कडेच्या रेंजवर पोचलो की आधी मी झोपते. नेमबाजीतलं झोपणं, पोटावर, कोपरं टेकवून, दंडाला पट्टा आवळून. चाळीस गोळ्या मारून झाल्या की ॲलन की काढते, सगळे स्क्रू ढिले करते आणि लालवरचं निळ्यावर आणते. या कामाला दहा मिनिटं लागतात. मे महिन्यात ती फार महाग पडतात, कारण साडेसातनंतर पन्नास मीटरवरचं काळं वर्तुळ उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखं थरथरायला लागतं. २०१३ च्या मे महिन्यात या शहरानं ४७.९ अंश सोसलेत. तेव्हा ‘सकाळ’ या शब्दाचा आमचा अर्थ इतर गावांपेक्षा आखूड आहे.

भाची दहावीत. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे तीन पवित्र्यांतल्या रायफल नेमबाजीचं, कांस्य मिळवलं, त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मावशी, तुझी ती बंदूक अजून आहे ना?” सतरा वर्षं कपाटामागं बसलेल्या वस्तूची घरातल्या कुणी अशी चौकशी करावी, याचा मला इतका आनंद झाला की ‘बंदूक नाही, रायफल’ ही दुरुस्ती मी दुसऱ्या दिवसावर टाकली.

तर यंदाच्या एप्रिलमध्ये आमचा ग्रुप, म्हणजे कागदावर पडणारा गोळ्यांचा झुबका, फाटला. पाचांतल्या चार गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या आणि पाचवी काहीही कारण नसताना आठ गुणांच्या वर्तुळात. तिचीही, माझीही. दोघींचंही चुकतंय म्हणजे चूक रायफलीची, असं तिचं गणित, आणि ते चुकीचं नव्हतं. स्क्रू फिरवता फिरवता ती म्हणाली, “हे काय आपण दर वेळी नटबोल्ट करून राहिलो? बॅरलच बदलून टाकू ना. आजकाल दोन स्क्रूंत निघते. मी व्हिडिओ पाहिला.”

योगायोगानं त्याच सुमारास पुण्यातल्या एका नेमबाजाची रायफल विकायला निघाली होती. एकच ॲक्शन (गोळी भरून उडवायचा मधला भाग), एकच बट (खांद्या-गालाला लागणारा भाग) आणि दोन नळ्या, म्हणजे बॅरल. एक लांब, एक आखूड. किंमत माझ्या कुवतीच्या जरा वर. पण दोन रायफलींच्या मानानं बरीच खाली. माझी जुनी विकायची आणि ही घ्यायची, की जुनी ठेवून तशीच एक साधी दुसरी घ्यायची? महिनाभर माझ्या डोक्यात हेच. भाजी निवडतानासुद्धा मी नळ्याच निवडत होते.

नळी रायफलीला कशी जोडलेली असते, हे बहुतेक नेमबाजांनाही सांगता येत नाही. पाहायची वेळच येत नाही म्हणा. काहींत आटे पाडून पिळून बसवतात. काहींत ती सरळ आत सरकते आणि बाजूचे स्क्रू तिला आवळून धरतात. भाचीचा व्हिडिओ या जातीचा. माझी रायफल जुनी जर्मन, तिसऱ्या हाताची. हिच्यात नळी दाबून बसवून वर आडवी पिन मारलेली आहे. ती काढणं म्हणजे प्रेसचं काम. थोडक्यात, हिनं एकदाच लग्न केलंय.

रेंजवर आमचे एक काका असतात. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत उभं आयुष्य टर्निंगवर काढलेले. मिलिमीटरचा शंभरावा भाग ते बोटानं चाचपून सांगतात, निदान तसा त्यांचा दावा आहे. त्यांना पुण्याच्या रायफलीचं सांगितलं, तर आधी हसले.

“नळी बदलनं म्हंजे बांगड्या बदलनं नाही बाई.”

“पण कंपनीच म्हणते ना बदलता येते!”

“येते ना. कोन म्हनते येत नाही? बसवल्यावर ती तिथंच बसली का, हे कोन सांगनार?”

मग त्यांनी स्कोअरकार्डाच्या पाठीवर हिशेब मांडला. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे काबुली चण्याएवढं. नळी धरा पासष्ट सेंटिमीटर. तिचं टोक ०.१३ मिलिमीटर सरकलं, दोन केसांच्या जाडीइतकं, तर पलीकडे मार अख्ख्या दहाच्या वर्तुळाएवढा सरकतो. आणि टोक तेवढं सरकायला मुळाशी किती फरक लागतो? नळीचा दोन सेंटिमीटर भाग आत बसत असेल, तर तिथं चार मायक्रॉन. तेलाचा थर, पुसायचं राहून गेलेलं एक सूत, एखाद्या स्क्रूला जरा जास्त बसलेला हात, एवढं पुरे.

हिशेब बिनचूक होता, आणि तरीही पुरा नव्हता. घरी येऊन डाळ-तांदूळ कुकरला लावताना ते माझ्या ध्यानात आलं. आमची मागची माशी (माशी म्हणजे नेम धरायची खूण) ॲक्शनवर बसते आणि पुढची नळीच्या टोकावर. नळी जरा वाकडी बसली, तर पुढची माशीही तिच्यासोबत सरकते, म्हणजे माझी नजरही बरीचशी त्याच बाजूला सरकते. नळीनं केलेल्या चुकीचा मोठा वाटा माशी स्वतःच भरून काढते. राहते ती पाव-एक हिश्शाची. दुर्बीण लावणाऱ्यांना ही सवलत नाही. त्यांची दुर्बीण ॲक्शनवर घट्ट. नळी कुठंही बघो, दुर्बीण आपल्या जागी बघत राहते. काकांना फोन करून हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “बरोबर आहे. पन माशी तिरपी झाली तं?” तेही खरं. आट्यांची नळी पिळताना अर्ध्या अंशानं कमीजास्त फिरली तर तिच्या टोकावरची माशी तेवढीच कलते, आणि कललेल्या माशीला सरळ समजून माणूस रायफलच कलती धरतो. अशी चूक वर्षभर सापडत नाही.

मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद भोकाच्या नळीच्या, लोकांचं जग निराळं आहे, आणि नळी बदलायची चाल मुळात त्यांची. आठशे, नऊशे, हजार यार्डांवर .३०८ इंची काडतुसाची पाल्मा मॅच मारणारे किंवा रायफल टेकूवर ठेवून लांबवर मारणारे एफ-क्लासवाले नळीकडे आपण गाडीच्या टायरकडे पाहतो तसं पाहतात. तिथं काडतुसात दारू भरपूर. तिचा तापलेला वायू दर वेळी नळीच्या गळ्यातलं पोलाद थोडं थोडं खात जातो. .३०८ ची नळी चार-पाच हजार गोळ्या नीट काढते, काही जहाल काडतुसांची दीड-दोन हजारांतच थकते. मग ॲक्शन तीच, बट तीच, ट्रिगर तोच आणि नळी नवी. शिवाय .३०८ आणि त्याच बुडाची ६ किंवा ६.५ मिलिमीटरची काही काडतुसं एकाच बोल्टवर (काडतूस आत बंद करणाऱ्या दांड्यावर) चालतात, कारण बुडाचा व्यास एकच, .४७३ इंच. त्यामुळे एका ॲक्शनभोवती तीन-तीन नळ्या ठेवणारे लोक असतात. ते चूक नाहीत. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. नळी बसवल्यावर गेज घालून आतली जागा तपासायची, पाना ठरलेल्या जोरानंच आवळायचा, मग पाच-दहा गोळ्या मारून माशी जुळवायची, हे त्यांचं नेहमीचं काम.

आमच्या पॉइंट टू-टूचं, म्हणजे .२२ इंची रायफलीचं, तसं नाही. चिमूटभर दारू, मऊ शिशाची मेण लावलेली गोळी, वेगही आवाजाच्या आतला. पन्नास पन्नास हजार गोळ्या गेलेल्या नळ्या निमूट दहा मारत असतात. ही नळी सहजासहजी झिजत नाही, तिला माणसं खराब करतात. तोंडाकडून गज घालून साफ करणारे, गज तोंडाच्या कडेवर घासणारे, आणि सर्वांत जास्त म्हणजे गरज नसताना काहीतरी करणारे.

पण टू-टूच्या नळीला खोड आहे. तिला गोळ्यांचा एक लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, आवडतो. त्याच कंपनीची, त्याच नावाची, त्याच किमतीची गोळी दुसऱ्या लॉटची आली की हीच नळी तोंड वाकडं करते. युरोपातले नेमबाज रायफल घेऊन गोळ्या बनवणाऱ्या लापुआ कंपनीच्या शॉनेबेकच्या किंवा इली कंपनीच्या बर्मिंगहॅमच्या तपासणी रेंजवर जातात. तिथं रायफल शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट मारून पाहतात आणि जुळला तर वर्षभराचा साठा उचलतात. आम्ही नागपूरकर मिळालेल्या चार लॉटांच्या एकेक डब्या कोपरांवर मारून पाहतो आणि वहीत लिहितो. वाऱ्यानं हललेली गोळी कोणती आणि लॉटनं हललेली कोणती, हे ओळखायला दोन-दोन महिने जातात. आता विचार करा, दोन नळ्या म्हणजे दोन जिभा. लांबला जे रुचेल ते आखूडला रुचेलच असं नाही. नळीची किंमत एकदाच मोजायची असते, तिच्या तोंडची गोळी जन्मभर मोजावी लागते. पुण्याच्या त्या स्वस्त सौद्यातला हा खर्च कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

कायद्याचंही पाहिलं, कारण काहींना वाटतं की जादा नळी घेतली म्हणजे दुसऱ्या परवान्याची कटकट वाचली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात. तेव्हा नळी ही काही कपाटात ठेवायची सुटी वस्तू नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीनची मर्यादा दोनवर आणली. पण मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य टार्गेटच्या सरावासाठी टू-टू किंवा एअर रायफल वापरत असेल, तर त्याला ही मर्यादा लागत नाही, असं त्याच कलमात पुढं आहे. म्हणजे दुसरी रायफल घ्यायला दार उघडं होतं. परवान्याचे कागद दोन्ही वाटांवर होतेच.

या सगळ्यात मला माझ्या बाबांची पेटी आठवत राहिली. नागपूरच्या महाल भागातल्या भजनी मंडळात ते पेटी वाजवायचे. बुवा काळी दोनचे, त्यांच्या जागी कधी पाटीलकाका उभे राहिले की पांढरी एक. बाबांच्या साध्या पेटीवर बोटं प्रत्येक वेळी नव्या घरात राहायला जायची. मग त्यांनी स्केलचेंजर घेतली. खुंटी ओढून अख्खी पट्टी सरकवायची, खालचे सूर बदलतात आणि बोटं आपल्या जुन्याच घरी. दोन वर्षं ते खूश होते. तिसऱ्या पावसाळ्यात पट्टी सरकली की फटीतून हवा जायला लागली आणि मंद्रातला एक सूर दम्यासारखा वाजू लागला. बाबांनी ती पेटी विकली नाही, पण एका स्केलवर आणून ठेवली ती कायमची, आणि दुसऱ्या स्केलसाठी जुनी साधी पेटी माळ्यावरून खाली काढली. मंडळात दोन पेट्या घेऊन जाणारा तो एकटा माणूस. रिक्षावाला जादा पैसे मागायचा.

बाबांच्या पेटीचं आणि माझ्या रायफलीचं जमतं तेवढंच, पुढं ताणत नाही. पण त्यातून एक प्रश्न मात्र मला नीट दिसला. आपल्याला काय जागचं हलू द्यायचं नाही?

हजार यार्डवाल्याला आपल्या शरीराची बाजू हलू द्यायची नसते. गाल तिथंच, खांदा तिथंच, ट्रिगरचा तोच टिचभर भार. पुढची नळी झिजली तर बदलू. थ्री पोझिशनवाला याच्या अगदी उलटा. गुडघ्यावर, मग झोपून, मग उभ्यानं, एकाच मॅचमध्ये. तो मधल्या वेळात खांद्याची प्लेट हलवतो, गालाची पट्टी हलवतो, हाताखालचा टेकू लावतो, वजनं सरकवतो. रायफलीचं जे जे हलतं ते सगळं हलवतो, फक्त नळीला आणि तिच्या मुळाला हात लावत नाही. कुसाळेनं फायनलमध्ये ४५१.४ मारले ते तीन देहांनी आणि एका नळीनं. आम्ही दोघी या दुसऱ्या जातीच्या. दोन देह, एक नळी. आमचा जो काही घोळ होता तो बटाच्या बाजूला होता. पुण्याच्या रायफलीनं दोन नळ्या दिल्या असत्या आणि आमच्या नेलपॉलिशच्या खुणा जशाच्या तशा राहिल्या असत्या. हे कळायला मला महिना लागला. ‘बॅरलच बदलू’ म्हणणाऱ्या दहावीतल्या मुलीला मी मनात उगाच हसले होते.

कॉलेजात असताना एनसीसीच्या उस्तादांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली होती, तीही याच दिवसांत परत आठवली. ब्रिटिशांनी सरावाच्या गोळ्या स्वस्तात मारता याव्यात म्हणून जुन्या .३०३ च्या नळ्या आतून पोखरल्या आणि त्यांत टू-टूची बारीक नळी घुसवली. वजन तेच, बोल्टही जवळपास तोच, खांद्याला लागणारं लाकूड तेच. शिपायाचं शरीर तसंच ठेवायचं आणि फक्त धक्का काढून घ्यायचा. उस्ताद म्हणाले होते, “आदमी वही, बंदूक वही, सिर्फ अंदर का बदल दिया.” तेव्हा आम्ही मुली फिदीफिदी हसलो होतो. का ते आता आठवत नाही. उस्तादांच्या मिश्या कारण असाव्यात.

आणि आमचा फाटलेला ग्रुप? ते प्रकरण जरा लाजिरवाणं आहे.

मे संपता संपता काका म्हणाले, एकदा आत तं बघू. आधी आम्ही ॲक्शनचे स्क्रू पाहिले, कारण उन्हाळा. पंचवीस अंशांनी तापमान चढलं की पासष्ट सेंटिमीटरची पोलादी नळी एक पंचमांश मिलिमीटरनं वाढते, आणि माझ्या रायफलीच्या बटातलं ॲल्युमिनियम साधारण दुपटीनं वाढतं. गाडीच्या डिकीत तर त्याहून जास्त. स्क्रू ठीक निघाले. माश्या ठीक. नळीचं तोंड भिंगाखाली पाहिलं, कडा स्वच्छ. मग काकांनी एक गोळी हातानं आत सरकवली आणि थांबले. “इथं अडकून राहिली पाहा.” चेंबरच्या पुढच्या टोकाशी, जिथं काडतुसाचं तोंड संपतं, तिथं जळलेलं मेण, दारू आणि शिसं यांचं टणक कडं जमलं होतं. गोळी त्यावर घासून आत जायची, मऊ शिसं ओरखडायचं आणि चार नीट, एक आठात. सतरा वर्षं पडून राहिलेल्या रायफलीला मी कपाटामागून काढून नुसता तेलाचा बोळा फिरवला होता आणि रेंजवर नेली होती. पितळी ब्रश, सॉल्व्हंट, पुन्हा ब्रश. मागून पुढं, तोंडाकडून नाही. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या रविवारी पाचही रुपयाखाली.

नळी बदलायला निघालेली मी, नळी धुवायचीच विसरले होते. काकांनी हे सगळ्या रेंजला सांगितलं. सांगू देत.

पुण्याचा सौदा मी सोडला. दुसरी, साधी, भाचीच्या मापाची रायफल घ्यायची असं ठरवलं, अर्ज भरून टेबलावर ठेवला. माझं म्हणणं असं की नळी हलवू नये आणि शक्यतो बटही हलवू नये. दर रविवारी दोनदा हललेला स्क्रू कधीच अगदी त्याच जागी येत नाही, आणि ठिपक्याच्या या कडेला की त्या कडेला, यावर माझे तीन-चार गुण दर वेळी जातात. दोघींच्या दोन असाव्यात. बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग कूलर दोन, गाड्या दोन, आता बंदुकाही दोन.” तिला अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी पाऊस भुरभुरत होता. हवा थंड, वारा नाही, वर्तुळ स्थिर. माझं मारून झालं आणि शेडमध्ये कुणीतरी तर्री पोहे आणले म्हणून मी उठले. भाचीनं पट्टा आवळला आणि झोपली. वीस गोळ्या. एरवी तिचे दोनशेत एकशे नव्वद-ब्याण्णव होतात, त्या दिवशी एकशे सत्त्याण्णव. मी पोह्यांचा कागद हातात घेऊन मागं उभी होते. ती उठली, रायफल मॅटवर ठेवली आणि गालाची पट्टी पाहून ओरडली, “मावशी, हे लालवर आहे!”

मी विसरले होते. काहीच हलवलं नव्हतं.

काका वाकून पाहत राहिले, मग त्यांनी तिला भिंतीला टेकून उभं केलं आणि तिच्या डोक्याशी पेन्सिलीची रेघ मारली. निळे ठिपके मी गेल्या सप्टेंबरात लावले होते. त्यानंतर ही पोट्टी दोन बोटं वाढली होती, आणि आमच्यापैकी कुणालाही ते रायफलीवर पाहायचं सुचलं नव्हतं.

अर्ज अजून टेबलावरच आहे. मापाच्या रकान्यात काय लिहायचं, ते ती वाढायची थांबेपर्यंत मला ठरवता येत नाही. निळ्या नेलपॉलिशची बाटली मात्र मी आता रायफलीच्या पेटीतच ठेवते.